दोन ठिपक्यांमधील अंतर : जनुकसंयोग शोधणाऱ्या प्रतिदीप्त डीएनए प्रोबचा इतिहास (१९६० ते २०११)

प्रास्ताविक

कर्करोगाच्या काही प्रकारांत दोन निरनिराळ्या जनुकांचे तुकडे एकमेकांस जोडले जातात व त्यातून पेशीत पूर्वी नसलेले असे एक संमिश्र जनुक निर्माण होते. या घटनेस प्रस्तुत लेखात जनुकसंयोग असे म्हटले आहे. हा संयोग प्रत्यक्ष पेशीत पाहण्याचे एक साधन म्हणजे प्रतिदीप्त डीएनए प्रोब. ज्या जनुकाचा शोध घ्यावयाचा त्याच्या क्रमास पूरक असा डीएनएचा तुकडा प्रयोगशाळेत तयार करावयाचा, त्यास विशिष्ट रंगात चमकणारे द्रव्य जोडावयाचे आणि काचपट्टीवरील पेशींवर तो सोडावयाचा. पूरकतेच्या नियमाने तो तुकडा आपल्या जागी जाऊन बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा रंगीत ठिपक्याच्या रूपाने दिसते. 'फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून या तंत्रास 'फिश' म्हणतात. त्याचा माशांशी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

कर्करोगाच्या जनुकीय आकलनाचा इतिहास बहुधा तीन पायऱ्यांत सांगितला जातो. १९६० मध्ये फिलाडेल्फिया गुणसूत्र आढळले, १९७३ मध्ये त्याचे स्वरूप उलगडले आणि २००१ मध्ये त्यावर नेमके औषध आले. पाठ्यपुस्तकासाठी ही रेषा सोयीची आहे. परंतु या पायऱ्यांच्या मध्ये साधने घडविणाऱ्यांचे एक मोठे दालन आहे व ते बहुधा बंदच राहते. रंगीत प्रोब आले आणि सर्व काही स्पष्ट दिसू लागले, असे या दालनाचे वर्णन केले जाते, तेही पुरेसे नाही. प्रोबची प्रत्येक नवी रचना ही एका जुन्या शंकेला दिलेले उत्तर होती आणि ती शंका अशी : दोन ठिपके एकमेकांजवळ दिसले, यावरून नेमके काय सिद्ध होते? या प्रश्नाच्या अंगाने सदर इतिहासाची मांडणी करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आकारावरून ओळख

कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांतील बिघाडात असावे, असे अनुमान जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्ये मांडले होते. मात्र त्या वेळी मानवी पेशीत गुणसूत्रे किती, याबद्दलही एकवाक्यता नव्हती. ती संख्या ४६ आहे हे १९५६ मध्ये तिजिओ व लेव्हान यांनी स्वीडनमध्ये दाखविले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६० मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पीटर नॉवेल आणि फिलाडेल्फियातीलच एका कर्करोग संशोधन संस्थेतील डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या सात रुग्णांमध्ये एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. नॉवेल यांनी काचपट्टीवरील पेशी नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. साध्या पाण्याने पेशी फुगल्या आणि आतील गुणसूत्रे सुटी होऊन मोजता येण्याजोगी झाली. याच सुमारास त्यांनी राजम्यापासून मिळणाऱ्या एका द्रव्याने रक्तातील पांढऱ्या पेशी विभाजनास प्रवृत्त होतात हेही दाखविले. गुणसूत्रांच्या अभ्यासकांना हे दुसरे निरीक्षण पहिल्याहून कमी उपयोगी पडले नाही.

या लहान गुणसूत्रास शहराचे नाव मिळाले. परंतु त्याचा हरवलेला तुकडा कोठे गेला, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तत्कालीन रंजकांनी सर्व गुणसूत्रे सरसकट एकाच छटेत रंगत असत आणि लांबी व आकार एवढ्यावरच त्यांची ओळख पटवावी लागे. १९७० मध्ये कॅस्परसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्विनाक्रिन वर्गातील प्रतिदीप्त रंजक वापरून गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटविले. म्हणजे प्रतिदीप्ती गुणसूत्रशास्त्रात प्रथम आली ती याच वाटेने. हे रंजक मात्र संपूर्ण डीएनएला चिकटणारे होते. एखादे विशिष्ट जनुक निवडून दाखविणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते.

या पट्ट्यांच्या आधारे शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये एक गोष्ट लक्षात आणून दिली. फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणजे २२ क्रमांकाचे आखूड झालेले गुणसूत्र होय, आणि त्याच पेशींत ९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाशी जवळपास तेवढाच जादा भाग असतो. म्हणजे तुकडा हरवलेला नव्हता, त्याचे स्थानांतर झाले होते. राउली छायाचित्रांतील गुणसूत्रे घरी जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जोड्या लावीत आणि मुले त्यांना कागदी बाहुल्यांच्या खेळावरून चिडवीत, ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. त्या हकिकतीत या पद्धतीची मर्यादाही आहे. गुणसूत्रांचे आकार दिसण्यासाठी पेशी विभाजनाच्या नेमक्या अवस्थेत सापडावी लागते. विभाजन होत नसताना गुणसूत्रे उलगडलेल्या धाग्यांसारखी केंद्रकात पसरलेली असतात व त्यांचे पट्टे दिसत नाहीत. शिवाय एका पट्ट्यात काही दशलक्ष बेस-जोड्या असतात. एवढ्या अंतरात कितीतरी जनुके मावतात. कोणते जनुक कोणत्या जनुकास जोडले गेले हे पट्ट्यांवरून कळणे शक्यच नव्हते.

ते उत्तर रेणवीय जीवशास्त्राने दिले. १९८२ मध्ये ॲबल नावाचे जनुक ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरून फिलाडेल्फिया गुणसूत्रावर गेल्याचे सिद्ध झाले. १९८४ मध्ये २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील तुटण्याच्या जागा अवघ्या ५.८ हजार बेस-जोड्यांच्या पट्ट्यात एकवटलेल्या आढळल्या व तेथील जनुकास बीसीआर हे नाव मिळाले. १९८५ मध्ये दोहोंच्या संयोगातून निघणारा संमिश्र आरएनए हाती आला. हे सारे ज्ञान कोट्यवधी पेशी एकत्र दळून काढलेल्या अर्कावरून मिळाले होते. एखाद्या एकट्या पेशीत हा संयोग आहे की नाही, हे मात्र अद्याप दिसत नव्हते.

किरणोत्सर्गाकडून रंगाकडे

पेशीतील डीएनएवर जागच्या जागी पूरक तुकडा बसविण्याची कल्पना १९६९ मध्ये येल विद्यापीठातील जोसेफ गॉल व त्यांच्या विद्यार्थिनी मेरी लू पारड्यू यांनी प्रत्यक्षात आणली. त्याच वर्षी जॉन, बर्नस्टील आणि जोन्स यांनीही स्वतंत्रपणे तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. हे प्रोब किरणोत्सर्गी असत. काचपट्टीवर छायाचित्रणाचे द्रावण पसरून ती अंधारात ठेवावयाची आणि किरणोत्सर्गामुळे उमटलेले काळे कण मोजावयाचे, अशी रीत होती. त्यासाठी कित्येक आठवडे थांबावे लागे. शिवाय कण प्रोबच्या नेमक्या जागेवर न पडता आसपास विखुरत. अनेक पेशींतील कणांची बेरीज करून सरासरीने जागा ठरवावी लागे, त्यामुळे एका पेशीबद्दल काही ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरे. आणखी एक अडचण तितकीच मूलभूत होती. काळा कण हा काळाच असतो. दोन निरनिराळ्या जनुकांचे प्रोब एकाच वेळी वापरले तर कोणता कण कोणाचा हे ओळखण्यास मार्गच नव्हता. जनुकसंयोग दाखवावयाचा तर दोन गोष्टी एकाच चौकटीत वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. त्यासाठी रंगच हवे होते.

१९७७ मध्ये रडकिन व स्टोलर यांनी प्रतिदीप्त प्रतिपिंडांच्या साहाय्याने आणि १९८० मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथील बाउमन व सहकाऱ्यांनी आरएनएला प्रतिदीप्त द्रव्य थेट जोडून या दिशेने पावले टाकली. परंतु खरा पालट १९८१ मध्ये झाला असे म्हणावे लागेल. येल येथील लँगर, वॉल्ड्रॉप आणि वॉर्ड यांनी डीएनएच्या एका घटकास एका लवचीक साखळीने बायोटिन हे जीवनसत्त्व जोडले. हा बदल अशा जागी केला होता की, डीएनए घडविणारे एन्झाइम तो घटक बिनतक्रार स्वीकारीत असे आणि त्यापासून बनलेला तुकडा आपल्या पूरक क्रमास नेहमीप्रमाणे जुळत असे. बायोटिनला ॲव्हिडिन हे अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिन विलक्षण घट्ट चिकटते. ॲव्हिडिनला हवा तो रंग लावला की काम झाले. येथे एका रसायनशास्त्रीय निर्णयाने जीवशास्त्राची एक शाखा बदलली, पण लोकप्रिय इतिहासात वॉर्ड यांचे नाव क्वचितच येते. औषध शोधणाऱ्याचे नाव राहते आणि खुंटी ठोकणाऱ्याचे जाते, असा अनुभव विज्ञानाच्या इतिहासात नवा नाही.

एक अडथळा अजून शिल्लक होता. मानवी डीएनएत पुनरावृत्त क्रमांचा भरणा फार मोठा आहे. अलू नावाचा एकच लहान क्रम सुमारे दहा लाख ठिकाणी आढळतो. एखाद्या जनुकाच्या परिसरातील मोठा तुकडा प्रोब म्हणून घेतला तर त्यातील हे क्रम सर्व गुणसूत्रांवर जाऊन बसतात आणि संपूर्ण केंद्रकच उजळते. यावर उपाय निघाला तो असा : प्रोबमध्ये बिनरंगी मानवी डीएनए आधीच मिसळावयाचा, म्हणजे पुनरावृत्त क्रम त्यात गुंतून पडतात आणि रंगीत तुकड्यांपैकी जे खरोखर वैशिष्ट्यपूर्ण आहेत तेवढेच लक्ष्याला जुळतात. १९८७-८८ च्या सुमारास लायडन, येल व कॅलिफोर्निया येथील गटांनी ही युक्ती यशस्वी केली. तिचे व्यापारी मोल किती होते हे पुढे दिसून आले. या युक्तीवरील पेटंटचा वाद २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयासमोर होता. पुनरावृत्त क्रम झाकण्यासाठी नैसर्गिक डीएनएऐवजी कृत्रिम पेप्टाइड न्यूक्लिइक ॲसिड वापरले तर तो हक्काचा भंग ठरतो काय, असा प्रश्न त्यात होता.

अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेतील गुणसूत्रे

उपरोल्लिखित गटांपैकी कॅलिफोर्नियातील गटाचा पत्ता विचार करावयास लावणारा आहे. डॅनियल पिंकेल व जो ग्रे हे लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करीत होते. ही संस्था १९५२ मध्ये अण्वस्त्रांच्या आरेखनासाठी स्थापन झाली. तेथे जीववैद्यकीय विभाग होता, कारण किरणोत्सर्गाने मानवी शरीराचे काय होते हे जाणून घेणे त्या संस्थेस भाग होते. किरणोत्सर्गाने गुणसूत्रे तुटतात व चुकीच्या जागी जोडली जातात. अशा जोडण्यांची संख्या मोजली तर त्या व्यक्तीस किती मात्रा मिळाली असावी याचा अंदाज करता येतो. ही मोजणी पट्ट्यांच्या पद्धतीने करणे अतिशय कष्टाचे होते. तेव्हा काही गुणसूत्रे एका रंगाने रंगविली आणि एखादे गुणसूत्र अर्धे रंगीत व अर्धे बिनरंगी दिसले, तर स्थानांतर झाले हे एका दृष्टिक्षेपात कळेल, असा विचार पुढे आला.

पिंकेल, स्ट्रॉम आणि ग्रे यांचा १९८६ मधील निबंध याच पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. त्यांच्यापैकी टोर स्ट्रॉम हे मूळचे किरणोत्सर्ग-जीवशास्त्राचे अभ्यासक होते. याच प्रयोगशाळेत गुणसूत्रे रंजकांनी रंगवून, द्रवाच्या बारीक धारेतून लेसरसमोर सोडून एकेक करून वेगळी करण्याचे तंत्र विकसित झाले होते आणि त्या वेगळ्या केलेल्या गुणसूत्रांच्या डीएनएची संग्रहालये तयार करण्यात आली होती. १९८८ मध्ये ही संग्रहालयेच प्रोब म्हणून वापरून संपूर्ण गुणसूत्र रंगविणे शक्य झाले. पुढे हिरोशिमाच्या बॉम्बस्फोटातून वाचलेल्यांच्या रक्तपेशींतील स्थानांतरेही, स्फोटानंतर अनेक दशकांनी, याच पद्धतीने मोजली गेली. कर्करोगाच्या निदानासाठी वापरले जाणारे हे साधन मुळात अणुयुगाच्या एका भीतीतून घडले, हे सत्य गैरसोयीचे असले तरी नोंदविणे आवश्यक आहे.

याच काळात जर्मनीतील थॉमस क्रेमर व सहकाऱ्यांनी दुसरी कल्पना रुजविली. विभाजन न होणाऱ्या पेशीतही प्रोबचे ठिपके मोजता येतात, हे त्यांनी १९८६ मध्ये १८ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या जादा प्रतीच्या उदाहरणावरून दाखविले. गुणसूत्राचा आकार दिसला नाही तरी चालेल, दोनऐवजी तीन ठिपके दिसले की पुरे! पेशी वाढविण्याची, विभाजनाची वाट पाहण्याची गरजच यामुळे संपली. घन अर्बुदांच्या बाबतीत, जेथे विभाजन पावणाऱ्या चांगल्या पेशी मिळणे दुरापास्त असते, तेथे या कल्पनेचे महत्त्व पुढे फार वाढले.

१९९० : सहा रुग्ण

रंग, पुनरावृत्त क्रमांचे दमन आणि विश्रांत केंद्रकाचे वाचन ही तिन्ही सूत्रे १९९० मध्ये एकत्र आली. 'सायन्स' या नियतकालिकात त्काचुक, ग्रे, पिंकेल व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बीसीआरसाठी एका रंगाचा व ॲबलसाठी दुसऱ्या रंगाचा प्रोब त्यांनी घेतला. निरोगी पेशीत दोन्ही जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, तेव्हा दोन लाल व दोन हिरवे ठिपके अलग दिसावेत. संयोग झालेल्या पेशीत मात्र एक लाल व एक हिरवा ठिपका एकमेकांस लागून येतो आणि जेथे ते एकमेकांवर पडतात तेथे पिवळसर छटा दिसते.

सहा रुग्णांचे नमुने तपासण्यात आले आणि सहाही जणांत संयोग दिसला. या सहांपैकी तिघांत पट्ट्यांच्या पद्धतीने फिलाडेल्फिया गुणसूत्र आढळलेच नव्हते. त्या तिघांपैकी एका नमुन्यात पीसीआर या संवेदनशील पद्धतीनेही संयोग सापडला नव्हता. ही संख्या लहान आहे, परंतु तिच्यातील आशय मोठा आहे. गुणसूत्राचा आकार अविकृत दिसत असतानाही आत जनुके जोडली गेलेली असू शकतात. 'फिलाडेल्फिया-निगेटिव्ह' असा शिक्का बसलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत तो शिक्का रोगाच्या स्वरूपापेक्षा पाहण्याच्या साधनाविषयीच अधिक सांगत होता.

आता मूळ शंकेकडे यावे लागते. केंद्रक ही त्रिमितीय वस्तू आहे आणि काचपट्टीवर तिची सपाट प्रतिमा दिसते. गर्दीत दुरून पाहता दोन अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून उभी असल्यासारखी वाटतात, त्याप्रमाणे एक लाल व एक हिरवा ठिपका केवळ योगायोगाने एकावर एक दिसू शकतो. याच प्रयोगशाळेतील बार्बरा ट्रास्क यांनी १९८९ मध्ये दाखविले होते की, विश्रांत केंद्रकात दोन क्रमांमधील दृश्य अंतर हे, साधारणतः दशलक्ष बेस-जोड्यांच्या मर्यादेत, त्यांच्यामधील जनुकीय अंतराशी सुसंगत असते. त्यामुळे 'जवळ' या शब्दास मापाचा आधार मिळाला. तरीही योगायोग टळला नाही. संपूर्ण निरोगी व्यक्तीच्या पेशी मोजल्या तरी शेकडा काही पेशींत संयोगाचा भास होई. निदानाच्या वेळी बहुसंख्य पेशी विकृत असल्याने ही त्रुटी खपून जाई. उपचारानंतर मात्र शंभरात दोन-तीन पेशी विकृत उरल्या आहेत की हा केवळ भास आहे, असा प्रश्न येई. त्या वेळी इंटरफेरॉन किंवा अस्थिमज्जा-प्रत्यारोपण हे पर्याय होते. रोग परतला की नाही यावर रुग्णाचे पुढचे वर्ष ठरे.

शंकेला उत्तर देणाऱ्या रचना

या भासावरील उत्तर अधिक तेजस्वी रंगात किंवा अधिक चांगल्या भिंगात मिळाले नाही. ते प्रोबच्या मांडणीत मिळाले. स्थानांतरात दोन्ही गुणसूत्रे तुटतात व परस्परांचे तुकडे घेतात. मग प्रोब इतके लांब घ्यावयाचे की ते दोन्ही तुटण्याच्या जागांच्या अलीकडे व पलीकडे पसरतील. असे केल्यास प्रत्येक प्रोब तुटून दोन भागांत विभागला जातो आणि विकृत पेशीत एकाऐवजी दोन संयुक्त ठिपके, शिवाय एक लाल व एक हिरवा असा नमुना दिसतो. एक योगायोग घडू शकतो, पण एकाच केंद्रकात दोन योगायोग घडणे दुर्मीळ. मेयो क्लिनिकमधील डीवाल्ड व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या दुहेरी संयोगाच्या रचनेने निरोगी व्यक्तींमधील भासाचे प्रमाण १ टक्क्याहूनही खाली आणल्याचे दाखविले. रक्ताच्या साध्या नमुन्यावरही ही चाचणी होऊ शकत असल्याने प्रत्येक वेळी अस्थिमज्जा काढण्याची वेदना टळण्याची शक्यता निर्माण झाली.

परंतु ही रचना वापरात येताच तिने आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. काही रुग्णांत दुसरा संयुक्त ठिपका दिसतच नव्हता. २००० मध्ये सिंक्लेअर व सहकाऱ्यांनी दाखविले की, अशा रुग्णांत स्थानांतराच्या वेळी ९ क्रमांकाच्या बदललेल्या गुणसूत्रावरील मोठा भाग गळून गेलेला असतो आणि त्यांचे आजारपण अधिक कठीण जाते. पुढे इमॅटिनिबच्या काळात या भाकिताचे वजन बरेच कमी झाले. एक चूक टाळण्यासाठी घडविलेल्या साधनाने रोगाचा एक नवाच पोटभेद समोर ठेवला, हे मात्र उल्लेखनीय आहे.

इमॅटिनिबला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. बीसीआर-ॲबल संयोगातून निघणाऱ्या प्रथिनाची क्रिया हे औषध थांबविते. तेव्हापासून संयोग 'आहे' की 'नाही' या उत्तराला औषधाची दिशा ठरविण्याचे सामर्थ्य आले. आपल्याकडे या औषधाचा प्रश्न न्यायालयात गेला, कारण चाचणीचे उत्तर मिळाले तरी औषध परवडेल काय हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंट-अर्जास विरोध नोंदविला होता. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये तो अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील नामंजूर केले.

दुहेरी संयोगाच्या रचनेस एक पूर्वअट आहे : दोन्ही जोडीदार कोण हे आधीच ठाऊक असले पाहिजे. परंतु काही जनुके अनेक जोडीदारांशी संयोग पावतात. तीव्र ल्युकेमियात आढळणारे एमएलएल हे जनुक तर डझनावारी निरनिराळ्या जनुकांशी जोडलेले आढळले आहे. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र प्रोब करणे अशक्यप्राय होते. येथे विचारच उलटा करण्यात आला. जोडीदाराचा नाद सोडून एकाच जनुकाच्या तुटण्याच्या जागेच्या एका बाजूस लाल व दुसऱ्या बाजूस हिरवा प्रोब बसविण्यात आला. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके जोडलेले दिसतील. ते तुटले असेल तर फाकतील, मग दुसरा तुकडा कोठेही जाऊन चिकटो. या 'ब्रेक-अपार्ट' प्रोबमध्ये जवळिकीचा अर्थच बदलला. आधीच्या रचनेत जवळीक म्हणजे रोग होता, या रचनेत जवळीक म्हणजे आरोग्य. त्याबरोबर शंकाही पालटली. आता योगायोगाने ठिपके जवळ येण्याचे भय उरले नाही, तर अखंड जनुकाचे ठिपके केवळ धागा सैल झाल्याने किंचित दूर दिसले तर काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला.

जे दिसत नव्हते ते नाहीच काय?

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत असा समज रूढ होता की, जनुकसंयोग हा मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांचा व काही सार्कोमांचा विशेष आहे आणि फुप्फुस, स्तन, प्रोस्टेट यांसारख्या अवयवांच्या सामान्य कर्करोगांत त्यास फारसे स्थान नाही. स्वीडनमधील लुंड येथील मिटेलमन, योहान्सन व मेर्टेन्स यांनी २००४ मध्ये या समजाला आकडेवारीच्या आधारे आव्हान दिले. ज्या अर्बुदांत गुणसूत्रांचा तपशीलवार अभ्यास अधिक झाला आहे तेथे संयोगही अधिक सापडले आहेत, तेव्हा दिसणारा फरक हा निसर्गातला नसून आपल्या पाहण्यातला असावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, मिशिगन विद्यापीठातील टॉमलिन्स, चिन्नैयन व सहकाऱ्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात ईआरजी व ईटीव्ही-१ या जनुकांचे संयोग शोधून काढले. त्यांचा प्रारंभ जनुकांच्या क्रियाशीलतेच्या संगणकीय विश्लेषणातून झाला होता. परंतु अर्बुदात ते खरोखर घडले आहे काय, हे पाहण्यासाठी त्यांनी फिशचाच आधार घेतला आणि २९ नमुन्यांपैकी २३ मध्ये या जनुकांची फेरजुळणी आढळली. टीएमपीआरएसएस-२ व ईआरजी ही दोन्ही जनुके २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावर सुमारे ३० लाख बेस-जोड्यांच्या अंतरावर आहेत. मधला भाग गळून गेला तरी पट्ट्यांत काहीही दिसत नाही. नॉवेल यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली हा बदल येण्याची शक्यताच नव्हती.

२००७ मध्ये जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातील सोडा, मानो व सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगात ईएमएल-४ व एएलके या जनुकांचा संयोग शोधला. त्यांनी तपासलेल्या ७५ रुग्णांपैकी ५ जणांत तो होता. ही दोन्ही जनुके २ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या एकाच भुजेवर आहेत आणि मधला सुमारे १ कोटी २० लाख बेस-जोड्यांचा तुकडा उलटा फिरल्याने त्यांचा संयोग होतो. या शोधानंतर अवघ्या चार वर्षांत, ऑगस्ट २०११ मध्ये, क्रिझोटिनिब या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वेळी एएलकेसाठीचा ब्रेक-अपार्ट प्रोबही सोबतची निदान-चाचणी म्हणून मान्य झाला.

पन्नास पेशी, पंधरा टक्के

या चाचणीचा नियम बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण तीस वर्षांची शंका त्यात अंकबद्ध झाली आहे. लाल व हिरव्या ठिपक्यांमधील अंतर ठिपक्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट असेल, अथवा हिरवा गळून एकटा लाल उरला असेल, तरच ती पेशी विकृत धरावयाची. प्रथम ५० पेशी मोजावयाच्या. पाचांहून कमी विकृत असतील तर नमुना निगेटिव्ह आणि पंचवीसांहून अधिक असतील तर पॉझिटिव्ह. पाच ते पंचवीस यांच्या दरम्यान संख्या आली, तर दुसऱ्या वाचकाने आणखी ५० पेशी मोजावयाच्या आणि दोहोंची मिळून सरासरी १५ टक्के किंवा अधिक भरली तरच नमुना पॉझिटिव्ह मानावयाचा.

दुप्पट व्यास हे अंतर आणि १५ टक्के ही सीमा निसर्गात कोरलेली नाही. निरोगी ऊतींत धागे सैल झाल्याने किती पेशी फाकलेल्या दिसतात व प्रत्यक्ष रोगात किती, या दोन संख्यांमधील मोकळ्या जागेत ती रेघ ओढली आहे. मेणात जतन केलेल्या ऊतीचे पातळ काप घेताना केंद्रकेच अर्धी कापली जातात, त्यामुळे काही ठिपके कायमचे हरवतात. त्यात ईएमएल-४ व एएलके एकाच भुजेवर असल्याने तुटलेले ठिपके फार दूरही जात नाहीत. १४ टक्के आणि १६ टक्के यांच्यामधील भेद दोन पेशींच्या वाचनावर येऊन ठेपतो, आणि त्यावर गोळी सुरू होणार की नाही हे ठरते. चाचणी रचणाऱ्यांना याची जाणीव होती, हे दुसऱ्या वाचकाच्या तरतुदीवरून दिसते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्राध्यापकवर्गास दुसऱ्या परीक्षकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

२०१५ मध्ये अमेरिकेत एएलके प्रथिन प्रतिपिंडाने रंगवून दाखविणाऱ्या चाचणीसही क्रिझोटिनिबसाठी मान्यता मिळाली. ती स्वस्त व वाचण्यास सोपी आहे. त्यानंतर आरएनएचा क्रमच वाचणाऱ्या पद्धती अधिकाधिक प्रयोगशाळांत पोहोचल्या. त्या जोडीदाराचे नावही सांगतात, जे ब्रेक-अपार्ट प्रोबला मुळातच सांगता येत नाही. मात्र या पद्धती एकमेकींशी प्रत्येक वेळी सहमत होत नाहीत. ठिपके फाकलेले, पण संमिश्र आरएनए मात्र सापडत नाही, असे नमुने आढळतात. जनुक तुटले खरे, परंतु त्यातून चालू शकणारे संमिश्र जनुक घडलेच नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. उलटपक्षी सीमेच्या अलीकडे राहिलेल्या, म्हणून निगेटिव्ह ठरलेल्या काही नमुन्यांत इतर पद्धतींनी संयोग सापडला आहे. अशा वेळी तीच काचपट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली येते आणि दोन ठिपक्यांमधील अंतर नव्याने मोजले जाते.